पाण्याखालच्या गावाचा नकाशा: जुन्या टोपोशीटवरून एक गाव परत मांडताना काय काय झालं

पार्श्वभूमी

गाव भीमेच्या काठचं, इंदापूर तालुक्याच्या बाजूचं. नाव देत नाही, कारण यातली बरीच माणसं हयात आहेत आणि त्यांची भांडणं पण हयात आहेत. उजनीची पायाभरणी 1966 ला झाली, धरण 1980 ला पूर्ण झालं, आणि मधल्या काळात पाणी चढायला लागलं तसं हे गाव उठून वर माळावर आलं. नवीन गावठाण म्हणजे सरळ रस्ते आणि ओळीनं प्लॉट. जुन्या गावात काय कुठं होतं ते आता साठीच्या पुढच्यांनाच सांगता येतं, आणि ते पण प्रत्येकाचं वेगळं निघतं.

उजनीचं एक वेगळं आहे. 117 टीएमसीच्या धरणात 63-64 टीएमसी नुसता मृतसाठा, त्यामुळं उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये जातं, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठा कमी व्हायला लागतो, आणि एवढं पाणी शिल्लक असूनसुद्धा जुन्या गावांचे अवशेष वर यायला लागतात. पळसदेवच्या देवळाचे फोटो दरवर्षी फिरतात ते याचमुळं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण मायनस पन्नासच्याही खाली गेलं आणि या गावची जुनी जोती, दगडी पायऱ्या, उखळं असं बरंच काही उघडं पडलं. लोक पोराबाळांना घेऊन बघायला गेले. तिथंच यात्रा कमिटीच्या डोक्यात आलं की नवीन गावात एक मोठा बोर्ड लावायचा, 'आपलं जुनं गाव', त्यावर पूर्ण नकाशा.

मी पुण्यात मॅपिंगचं काम करतो, गाव मित्राचं. त्याच्या ओळखीनं मी यात पडलो.

अडचण काय होती

कमिटीकडं आधीच एक नकाशा होता. गावातल्या रिटायर्ड गुरुजींनी आठवणीतनं काढलेला, ड्रॉइंग पेपरवर, स्केचपेननं, आणि खरं सांगतो फार सुंदर होता. वेस, चावडी, तालीम, मारुती, ग्रामदैवताचं देऊळ, दीपमाळ, सुतारमेट, कुणाचा वाडा कुठं, सगळं. पण तो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि दोन दिवसांत भांडण पेटलं. कुणी म्हणालं नदीचा उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, गुरुजींनी चुकीच्या जागी दाखवलाय, तो देवळाच्या वरच्या अंगाला होता. कुणी म्हणालं शाळा एवढी जुनी नव्हतीच. दोन भावकींमध्ये वाडा आधी कुणाचा यावरनं जुंपली. शेवटी कमिटीच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं की आता सरकारी नकाशा आणा, त्यात जे असेल ते फायनल.

माझ्या मते खरी अडचण इथं सुरू झाली. लोकांना नकाशा न्यायाधीश म्हणून हवा होता. आणि जुना नकाशा काही न्याय देत नाही, तो साक्षीदार असतो, तो पण असा की ज्याला स्वतःच्या कामापुरतंच दिसलेलं असतं.

कुठले पर्याय होते

पहिला सोपा पर्याय म्हणजे अमेरिकन लष्कराच्या मॅप सर्व्हिसनं 1950 च्या दशकात काढलेली भारताची शीट्स. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीनं स्कॅन करून ठेवलीत, फुकट मिळतात. पण स्केल 1:2,50,000, म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. आपलं गाव त्यात एक ठिपका आणि शेजारी नाव, बस्स. एक मात्र छान दिसतं, रेल्वेची जुनी लाइन. पुण्याहून निघालेली रेल्वे 1858 ला डिकसळपर्यंत आणि 1859 ला पुढं बार्शी रोड म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपर्यंत गेली, ती भीमा ओलांडायची ती डिकसळच्या पुलावरनं. धरणामुळं ती लाइन हलवली. जुना पूल नंतर कित्येक वर्षं गाड्यांना रस्ता म्हणून वापरात राहिला.

दुसरा, भारतीय सर्वेक्षण विभागाची आताची 1:50,000 ची ओपन सीरिज शीट्स, ती ऑनलाइन मिळतात. त्यात आपल्या गावाच्या जागी निळं पाणी. कामाचं एवढंच की पाण्याची कड कुठं येते ते कळतं.

तिसरा पर्याय म्हणजे भूमी अभिलेखमधला गाव नकाशा. हा सगळ्यात बारीक, एका इंचाला 20 साखळ्या, साखळी 33 फुटांची, म्हणजे 1:7,920. प्रत्येक सर्व्हे नंबर, ओढे, शिवेचे दगड. आणि इंदापूरवाल्यांनी तर यावर मान ताठ करून बोलावं, कारण विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जी मोजणी नंतर सगळ्या मुंबई इलाख्याला लागू झाली, तिची सुरुवात 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यातनंच केली. आपण आज जो गुंठा म्हणतो, 33 फूट बाय 33 फूट, तो याच साखळीतला. कमिटीला वाटलं झालं काम. नक्कल मिळाली, उलगडली, आणि गावठाणाच्या जागी नुसती एक वाकडीतिकडी रेघ आणि आत कोरा कागद. एक घर नाही, एक गल्ली नाही. बरोबरच आहे, सारा शेताचा घ्यायचा होता, घराचा नाही. ज्या जागेवर भांडण चाललंय नेमकी तीच जागा सगळ्यात बारीक नकाशात रिकामी, हे बघून गुरुजी इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागला.

चौथा, जुन्या 'एक इंच एक मैल' टोपोशीटची, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशाची आवृत्ती. हा पट्टा शीट नंबर 47 मध्ये येतो, पश्चिमेचा भाग 47 जे आणि पूर्वेचा 47 एन. अशी जुनी शीट्स आता दुकानात मिळत नाहीत, आम्हाला एका कॉलेजच्या भूगोल विभागात लोखंडी कपाटात मिळालं, कापडावर चिकटवलेलं, घडीवर फाटलेलं. बारावीला प्रॅक्टिकलला टोपोशीट वाचलेल्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल, तपकिरी उंचीच्या रेषा, निळं पाणी, लाल वस्ती.

पाचवा, अमेरिकेच्या कोरोना उपग्रहाचे फोटो. हेरगिरीसाठी 1960 ते 1972 मध्ये काढलेले, 1995 ला खुले केले, म्हणजे धरणात पाणी चढायच्या आधीचे. कुणी आधी स्कॅन करून घेतलेली फ्रेम असेल तर फुकट, नसेल तर 30 डॉलर. आमच्या भागाची फ्रेम आधीच स्कॅन झालेली होती. बांध आणि ओढे झक्कास, गावठाण मात्र एक पांढरट डाग.

ठरलं ते असं की टोपोशीट पाया धरायचा, शेताच्या सीमांना गाव नकाशा, खात्री करायला कोरोना, आणि गावठाणाच्या आतलं सगळं माणसांकडनं. म्हणजे गुरुजींचं स्केच बाद नाही, उलट तोच आतला मुख्य आधार.

नकाशा बसवताना

मित्राच्या पुतण्यानं उत्साहात टोपोशीटचा फोटो चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाकून गूगल अर्थवर बसवला आणि मे महिन्यात मोबाइल घेऊन पोरं गाळात उतरली. नकाशात जिथं विहीर तिथं काही नाही. एक तात्या काठावर उभे राहून ओरडत होते, आरं वर सरका, वर, नदीकडं कुठं चाललाय. पोरांनी त्यांना वेड्यात काढलं कारण मोबाइल सांगतोय ना.

तात्या बरोबर होते. जुनी भारतीय शीट्स एव्हरेस्टनं 1830 ला धरलेल्या पृथ्वीच्या गोलाच्या मापावर आणि कल्याणपूरच्या मूळ बिंदूवर बेतलेली, मोबाइलचं जीपीएस वेगळ्या गोलावर. आपल्या भागात हा फरक शे-दीडशे मीटरचा पडतो आणि जुने आकडे जसेच्या तसे टाकले की सगळं आग्नेयेला सरकतं. क्यूजीआयएस या मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शीटला कल्याणपूरचं डेटम, म्हणजे मोजणीचा पाया, दिला, वर डिकसळचा पूल आणि टेकडीवरचा त्रिकोणी मोजणी दगड हे दोन न हललेले बिंदू धरून तपासलं, आणि विहिरीचं दगडी कडं तात्या म्हणत होते त्याच्या आसपास आलं. दुसऱ्या दिवशी पोरं तात्यांना खुर्ची घेऊन गेली बसायला.

उंचीच्या रेषांनी पण मजा आणली. धरण पूर्ण भरल्यावर पाणी साधारण 497 मीटरला, म्हणजे 1,630 फूट. शून्य टक्के म्हणजे 491 मीटर, म्हणजे साधारण 1,611 फूट. जुन्या शीटवर रेषा 1,600 आणि 1,650 ची. म्हणजे गावाचा जो भाग 1,600 च्या रेषेला चिकटून आहे तो मायनस झाल्याशिवाय दिसणारच नाही, हे कागदावरच कळलं, आणि कुठल्या आळीची जोती आधी उघडी पडणार ते पण.

पहिला निर्णय: शाळा आणि उतार

टोपोशीटवर शाळा नव्हती. शाळा जुनी नव्हती म्हणणारे खूश. पण शीटच्या समासात दोन वर्षं लिहिलेली असतात, मोजणी कधी केली आणि छापलं कधी, आणि या दोन्हीत बरीच वर्षं जाऊ शकतात. नकाशात नाही याचा अर्थ मोजणीदार आला तेव्हा नव्हती, किंवा होती पण त्यानं दाखवायच्या लायकीची धरली नाही. हा वाद शेवटी नकाशानं नाही, शाळेच्याच जनरल रजिस्टरनं मिटवला, पहिल्या पानावरची पहिली नोंद मोजणीनंतरची निघाली. गुरुजींना हे थोडं लागलं, पण मान्य केलं.

उताराचं मिटलं नाही. शीटवर उतार एका जागी, गुरुजींचा दुसऱ्या, आणि एक म्हातारे नावाडी तिसऱ्या जागी सांगतात. नदीची वाळू दर पुराला हलते, बैलगाडीचा उतार वेगळा, माणसांचा वेगळा. शिवाय या स्केलवर एक मिलिमीटर म्हणजे 63 मीटर, नुसती पेनाची रेघ 30 मीटर जाड. देवळाच्या वर की खाली हे असल्या कागदावरनं सांगणं म्हणजे थापा. बोर्डवर दोन उतार ठिपक्यांच्या रेषेत दाखवले.

दुसरा निर्णय, आणि हा खरा

टोपोशीट मोठं करून बघताना लाल गावठाणाच्या पूर्वेला पाच-सहा मिलिमीटरवर बारीक तीन-चार ठिपके दिसले, शेजारी विहिरीचं निळं वर्तुळ. नाव काही नाही. गुरुजींच्या स्केचमध्ये तिथं नुसतं 'मळे' लिहिलेलं. कमिटीत विचारलं तर उत्तर आलं, असतील मळ्यातली घरं.

पण त्या ठिपक्यांपासनं निघणारी पायवाट बघितली की काहीतरी खटकतं. मळ्याची वाट गावात येते, साहजिक आहे. ही वाट गावाकडं येतच नव्हती. एक फाटा सरळ नदीला, गावच्या पाणवठ्याच्या खाली, आणि दुसरा फाटा गावाला पूर्ण वळसा घालून बाहेरनं डिकसळच्या गाडीवाटेला मिळत होता. गाव नकाशावर त्या बाजूचे दोन सर्व्हे नंबर आणि जुन्या नोंदीत इनाम वर्ग 6-ब, म्हणजे महार वतन. 1958 च्या कायद्यानं ही वतनं गेली, पण नोंदी राहतात.

आता प्रश्न असा की हे आधी कुणाला दाखवायचं. कमिटीत मांडलं असतं तर सगळे हो हो म्हणाले असते आणि कमिटीनंच एक लेबल ठरवून टाकलं असतं. मित्र म्हणाला, आधी वस्तीवर जाऊ. तेच केलं. शीटचा तो तुकडा लेबल न टाकता मोठा प्रिंट काढला, वर ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, आणि नवीन गावठाणाच्या टोकाला बौद्धवस्तीत गेलो. तिथल्या एक आजी, ऐंशीच्या आसपासच्या, त्यांनी कागद बराच वेळ उलटासुलटा केला, मग नदी कुठनं येते ते विचारलं, आणि एकदा नदी कळल्यावर बोट सरळ त्या वळशाच्या वाटेवर ठेवलं.

"आमची वाट गावातनं नव्हतीच बाळा. भायेरनंच जायाचं, डिकसळला, रातच्या गाडीला. अन् ही आमची हीर. हिला बारा म्हैने पाणी, गावची आटली की मग यायचे की कळश्या घिऊन."

त्यांच्या सुनेनं पिंपरीतल्या दिरांना फोन लावला, मग त्यांनी फोनवरनं कुठलं घर कुणाचं ते सांगायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत ट्रेसिंग पेपरवर त्या तीन-चार ठिपक्यांची चांगली वीस-बावीस घरं झाली, एक पार, एक लिंबाचं झाड आणि हाडकी-हाडोळ्याची, म्हणजे वतनातली, जमीन. मोजणीदारानं एवढ्या घरांचे तीन-चार ठिपके केले होते, आणि गावच्या आठवणीनं त्यांचे शून्य.

तिसरा निर्णय: कुठं बसायचं आणि काय छापायचं

प्रत्येक आळीचे वेगळे ट्रेसिंग झाले, ते एकावर एक ठेवून बघायची बैठक कुठं घ्यायची हा पण निर्णयच होता. कमिटी म्हणाली देवळाच्या सभामंडपात. आम्ही आग्रह धरून शाळेत घेतली. ज्यांना त्या जागी सहज बसता येत नाही त्यांचा कागद तिथं सगळ्यात खाली जाणार होता.

बैठक तापली. "कशाला जुनं उकरून काढताय, आता सगळे एक आहोत की" असा सूर निघाला, आणि बोलणारा वाईट माणूस नव्हता. त्यावर वस्तीतला एक पोरगा शांतपणे एवढंच म्हणाला की तुमची तालीम पण जुनीच आहे, ती कशाला काढताय मग. गुरुजी उठले आणि स्वतःच्या स्केचवरचं 'मळे' त्यांनी स्वतः खोडलं.

लेबलवर चर्चा झाली. 2020 ला सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, मग बोर्डवर जुनं नाव लिहायचं का? एक बाजू म्हणते इतिहास आहे तसा लिहा, दुसरी म्हणते आम्ही ते नाव घेऊन परत कशाला भिंतीवर चढायचं. आम्ही वस्तीवर सोडलं. त्यांनी 'बौद्धवस्ती, जुनी' आणि 'वस्तीची विहीर' एवढं ठरवलं, आणि वळशाची वाट ठळक दाखवा असं खास सांगितलं.

सर्व्हे नंबर मात्र बोर्डवर घेतले नाहीत. काही तरुणांना घ्यायचे होते. पण पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर होतं, त्यावरनं दर उन्हाळ्यात वाद, आणि असा नकाशा चौकात लागला की पुढच्या मे मध्ये कुणीतरी त्याचा फोटो घेऊन तहसीलला उभा. नंबर असलेली प्रत फाइलमध्ये ठेवली, एक शाळेत, एक वस्तीतल्या वाचनालयात.

निष्पन्न काय

बोर्ड लागला, यात्रेच्या आधी. खाली छोट्या अक्षरात लिहिलंय की पाया टोपोशीटचा, आतलं गावकऱ्यांच्या आठवणीचं, जागा साधारण. भावकीचा वाड्याचा वाद अजून आहे, नकाशावर दोन्ही नावं तिरकी रेघ मारून लिहिलीत आणि दोघंही नाराज आहेत. कमिटीतले एकजण अजून म्हणतात वस्ती एवढी मोठी दाखवायची गरज नव्हती. दुसरीकडं पिंपरीतनं गाडी करून माणसं बोर्ड बघायला आली, जी एरवी यात्रेला येत नव्हती.

परत करायचं झालं तर

गावठाणाचं काम बायकांपासनं सुरू करावं असं आता वाटतं. पुरुष वेस, चावडी, तालीम सांगतात; विहिरी, पाणवठे, आडवाटा बायका सांगतात, आणि टोपोशीटवर नेमकं हेच असतं. आम्ही त्यांच्याकडं उशिरा वळलो कारण कमिटीत एकही बाई नव्हती. बोलणं रेकॉर्ड करायची परवानगी पहिल्याच भेटीत घ्यावी. आणि शीट लोकांसमोर ठेवताना त्यावरची इंग्रजी नावं झाकावीत, नाहीतर साक्षर माणूस वाचून दाखवायला लागतो आणि बाकीचे गप्प बसतात.

कमिटीला पहिल्याच दिवशी 'यात फायनल काही मिळणार नाही' हे लेखी द्यायला हवं का, यावर मित्राचं आणि माझं पटत नाही. तो म्हणतो दिलं असतं तर काम सुरूच झालं नसतं. त्याचं खरं असेल.

आता पलीकडच्या काठाचं, करमाळ्याच्या बाजूचं एक गाव विचारतंय. तिथं रेल्वेची जुनी लाइनच पाण्यात गेली, त्यामुळं स्टेशनभोवतीची हमाल, व्यापारी, गॅंगमन अशी बाहेरनं आलेली वस्ती पण असणार, आणि ती माणसं कुठल्याच गावच्या यात्रा कमिटीत नसतात. ती आधी शोधायची आहेत, नकाशा नंतर उघडू.